लाल टिपका

बद्रीनाथच्या पोटात जे दुखत होतं, त्याला ओव्याचा काही उपयोग नव्हता. बायकोनं, वच्छलाबाईनं, दोन वेळा ओवा-मीठ हातावर ठेवलं, त्याने तोंड वाकडं करून ते चावलंही. पण दुखण्याचं मूळ होतं समोरच्या ओट्यावर, आणि तिथे त्या वेळी अर्धी गल्ली बसून खदाखदा हसत होती.

हर्सूलच्या पुढे, जळगाव रोडपासून आत, जिथे एके काळी ज्वारी उभी असायची तिथे गुंठ्यागुंठ्यानं घरं उभी राहिली होती. शहर इथवर आलं होतं, शहराचं पाणी मात्र मागेच कुठेतरी थांबलं होतं. दोन हजार सोळाच्या त्या उन्हाळ्यात तर हर्सूल तलावाच्या तळात लोक मोटारसायकल शिकत होते. दिवसाआड संध्याकाळी टँकर यायचा, आणि त्याच्या तासभर आधी गल्लीत हंड्यांची, ड्रमांची, तेलाच्या डब्यांची रांग लागायची. रांगेचा कायदा कडक होता. माणूस नसला तरी चालेल, हंडा जागेवर पाहिजे. दुसऱ्याच्या हंड्याला कुणी हात लावायचा नाही. लावला, तर दोन घरांचं बोलणं बंद.

या गल्लीतलं पहिलं घर बद्रीनाथचं. सिल्लोडकडच्या चांगल्या जमीनदार घरातला हा माणूस शेतीत कधी रमला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही घेऊन तो शहरात आला आणि भाड्यानं पिक्चर दाखवू लागला. लग्न असो, बारसं असो, गणपती असो, बद्रीशेठ आल्याशिवाय कार्य पुरं होत नसे. अंधारात कॅसेट उलटी जाऊ नये म्हणून तो वच्छलाबाईच्या नेलपॉलिशचा एक लाल टिपका प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कोपऱ्यात लावायचा. पुढे त्याने केबल टाकली, तेव्हा खांबाखांबावरच्या प्रत्येक जोडावरही तोच टिपका चढला. मग घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या आणि केबल गेली. प्लॉट विकून त्याचं बरं चाललं होतं, खाऊनपिऊन तो सुखी होता. राहिलं होतं ते फक्त गणपतीतलं एक वाक्य: "बद्रीशेठ, लावा की!" वर्षातून एकदा ते ऐकलं की उरलेलं वर्ष ढकलायला त्याला पुरत असे. माणसाला किती थोडं लागतं बघा, आणि तेवढंही कुणी नेलं की त्याचा कसा तीळपापड होतो.

नेलं ते समोरच्या केरबाच्या सुनेनं. केरबा धनगर तीन वर्षांपूर्वी, आधीच्या दुष्काळात मेंढरं विकून इथे आला होता. आता चार शेळ्या आणि एक बोकड एवढाच त्याचा बारदाना. मुलगा राम वाळूजला कंपनीत, आणि रामची बायको प्रांजली आयटीआय झालेली, टीव्ही सेंटर चौकात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायची. सासूचा, मंजुळाबाईचा, पाय मोडला आणि तिला दिवसभर खाटेवर काढायची वेळ आली, तेव्हा प्रांजलीनं तिच्यासाठी एक चीज बनवली. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर आणला, साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात बसवला आणि वायर एका जुन्या छोट्या टीव्हीला जोडली. डबीत भजनं होती, गोंधळ होता, जुने मराठी पिक्चर होते. चार्जरवर चालायची, आणि संध्याकाळी लाइट गेली की रिक्षाच्या बॅटरीवर तीन तास. टीव्हीसुद्धा त्याच बॅटरीवर.

मंजुळाबाईला एकटीनं हसवेना. तिने शेजारणींना हाका मारल्या, टीव्ही ओट्यावर आला, आणि हंड्यांच्या रांगेत ताटकळणारी गल्ली तिथे येऊन बसली. टँकरवाला फकिरा यादीप्रमाणे या गल्लीत तिसरा यायचा. एकदा त्याने अर्धा पिक्चर पाहिला आणि पुढच्या खेपेपासून तो पहिला इथेच येऊ लागला. पाइप सोडायचा, ओट्यावर टेकायचा आणि पिक्चर रंगात असेतोवर टँकर हलवायचा नाही. गल्लीला त्या उन्हाळ्यात पोटभर पाणी मिळालं ते असं.

बद्रीनाथ हे सगळं खिडकीच्या पडद्याआडून पाहायचा.

"साबणाच्या डबीत टॉकीज!" तो म्हणायचा. "उद्या काडेपेटीत ट्रॅक्टर आणतेन. कालपरवापर्यंत मेंढरामागं हिंडणारे लोक हे."

"अन् तुम्ही कशामागं हिंडत व्हते?" वच्छलाबाई विचारायची. "कॅसेटीमागंच ना?" आणि आपला बसायचा पाट उचलून समोर जायची.

बायको तिकडे गेली याचं त्याला दुःख होतंच. पण खरी आग लागायची ती वेगळ्याच गोष्टीनं. चार जावई आणि एका सासूचा तो जो पिक्चर प्रांजली लावत होती, तो त्याने स्वतः चाळीस वेळा लावला होता. कुठे हशा येतो, कुठे बाया पदर तोंडाला लावतात, कुठे म्हातारे खाकरतात, त्याला पाठ होतं. आणि आता तेच हशे, त्याच जागी, समोरच्या ओट्यावर पिकत होते. आपली माणसं, आपले हशे, आणि मधे ही पोरगी. तिचा त्याला इतका हेवा वाटायचा की घशाखाली भाकर उतरत नसे.

त्यात एक दिवस तीच दारात आली.

"काका, तुमच्याकडं जुन्या कॅसेटी लई हायेत म्हणं. द्या की. मी डबीत भरते, तुमच्या नावानं लावते."

"वाळवी लागली समद्याला," बद्रीनाथ म्हणाला. कॅसेटी पलंगाखाली पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेल्या होत्या.

"अरेरे," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं. मग, माणूस याच धंद्यातला, म्हणून तिने हौसेनं डबी आणून दाखवली. ही वायर कुठली, हे छिद्र कशाचं, सगळं. शेवटी नखानं दाबून तिने बारीकसं काळं कार्ड बाहेर काढलं. "अन् काका, सगळा जीव यात. पिक्चर बी यात अन् चालवायची अक्कल बी यात. हे काढलं की डबी नुसती डबी."

बद्रीनाथ भिंतीकडे पाहत होता. ऐकत मात्र होता.

पुढच्या टँकरच्या दिवशी दुपारी, प्रांजली दुकानात, केरबा शेळ्यांमागे आणि मंजुळाबाई झोपलेली असताना, तो पक्कड हातात घेऊन समोरच्या ओट्यावर चढला. कुणी हटकलंच तर खांबावरची जुनी वायर बघायला आलो म्हणणार होता. कुणी हटकलं नाही. फक्त बोकड दावणीला उभा राहून रवंथ करत त्याच्याकडे बघत होता. बद्रीनाथनं कापड उचललं, डबी उघडली, नखानं दाबलं. कार्ड खटकन हातात आलं.

घरी येऊन त्याने ते तळहातावर ठेवलं. एवढंसं, नखाएवढं. हे आपली गल्ली घेऊन गेलं. मग त्याने कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल टिपका लावला. का लावला? काही कारण नव्हतं. हाताची पंचवीस वर्षांची सवय, हात पुढे गेला आणि डोकं मागे राहिलं. टिपका वाळल्यावर कार्ड एका रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात गेलं आणि खोकं पलंगाखाली.

संध्याकाळी टीव्ही काळा राहिला. प्रांजलीनं डबी उघडली, ओटा झाडला, चटया उचलून पाहिल्या. "कार्डच नाय," ती म्हणाली. "नवं मिळंल, पण भरायला मला दोन महिने लागलते."

पलीकडच्या घरातली चतुराबाई ओट्याखाली वाकली आणि पुन्हा सरळ झाली. तिच्या बोलण्यापुढे गल्लीत कुणाचं चालत नसे. "बोकडानं खाल्लं," तिने निकाल दिला. "माझा टावेल खाल्ला व्हता त्यानं संक्रांतीला."

यावर कुणालाच शंका आली नाही. बोकडाचा लौकिकच तसा होता.

तेवढ्यात टँकर आला. फकिरानं पाइप सोडला, ओट्याकडे पाहिलं. "क्या हुआ? पिक्चर नाय आज?" नाही म्हटल्यावर तो दहाच मिनिटं थांबला. निम्मा टँकर पोटात घेऊन पुढच्या गल्लीत निघून गेला. दिवसाआडच्या पुढच्या खेपेला तर तो सगळ्यांत शेवटी आला, तळातला गाळ घेऊन. चतुराबाईला दोन हंडे मिळाले, वच्छलाबाईला एक.

मग गल्ली प्रांजलीवर उलटली. "तूच त्याला चटक लावली," चतुराबाई हात ओवाळून म्हणाली. "आधी तिसरा यायचा पर भरून यायचा. आता भर तुझ्या साबणाच्या डबीत पाणी!"

प्रांजली खाली मान घालून रिकामे हंडे उचलत राहिली. पडद्याआड बद्रीनाथला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं. पाण्याचा एकच हंडा घरात आलाय हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि ते ध्यानात येतं न येतं तोच दारात आठ-दहा बाया उभ्या.

"बद्रीशेठ," चतुराबाई म्हणाली, "तुमची ती मोठी मशीन हाय ना? फकिराला धरून ठिवायचं म्हणजी कायतरी पायजेच. लावा की!"

लावा की! बद्रीनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढचे दोन दिवस तो माणसात नव्हता. व्हीसीआर उतरवला, त्याच्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला, जड टीव्ही दोघांना धरायला लावून आपल्या ओट्यावर मांडला, घरातला इन्व्हर्टर ओढून आणला. पांढरा सदरा घातला. टँकरच्या वेळेला लाइट गेलेली, गल्ली बसलेली, फकिरा पाइप सोडून पुढे येऊन टेकलेला. बद्रीनाथनं लाल टिपका वर करून कॅसेट आत सारली.

चित्र आलं. थरथरत का होईना, आलं. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. सात मिनिटांनी इन्व्हर्टर पीं पीं करू लागला, चित्र आक्रसत आक्रसत मधे एक पांढरा ठिपका उरला, आणि व्हीसीआरच्या आतून दळण दळल्यासारखा आवाज आला. त्याने कॅसेट ओढली तर मागोमाग हातभर टेप.

"बद्रीशेठ," फकिरा उठत म्हणाला, "ये तो मेरे टँकर से जादा पीता हय." गल्ली हसली. गेल्या पंचवीस वर्षांत गल्ली त्याच्या पिक्चरला हसली होती, त्याला हसण्याची ही पहिलीच वेळ. टँकर निघून गेला.

नाचता येईना अंगण वाकडं. बद्रीनाथनं इन्व्हर्टरला शिव्या दिल्या, कॅसेटला दिल्या, उन्हाळ्याला दिल्या. एकटी प्रांजली पुढे आली, खाली बसली आणि चिमटीनं एकेक वेढा सोडवत टेप बाहेर काढू लागली. "तुटली नाय काका. वाचंल. मी करून देते."

किती हलक्या हातानं करत होती! आपला हातही एके काळी असाच चालायचा, त्याला आठवलं, आणि तिच्या बोटांचाही त्याला हेवा वाटला. त्याने कॅसेट तिच्या हातातून हिसकावून घेतली.

दोन दिवसांनी सकाळी तो दारात तोंड धूत होता, म्हणजे एका तांब्यातल्या अर्ध्या पाण्यात जे होतं ते करत होता, तर समोर केरबा उकिडवा बसलेला. पुढे वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर लेंड्या, हातात काडी. म्हातारा एकेक लेंडी फोडून, चाळून बाजूला करत होता.

"काय करायलाव केरबा?"

"कार्ड बघतोय," केरबा म्हणाला. "पाच दिस झाले, रोज बघतोय. निगत नाय. सुनंला समदी गल्ली बोलली, ती एका शब्दानं माघारी बोलली नाय. पर राम म्हणतो, ऐतवारी बोकड इकून टाकू." त्याने काडी खाली ठेवली. "मेंढरं गेली तवा हे एवढं पिल्लू राह्यलं व्हतं बगा माझ्याकडं. मी म्हणलं रामाला, आजून दोन दिस थांब."

बोकड दावणीला उभा होता. रवंथ थांबवून त्याने बद्रीनाथकडे पाहिलं. त्या गल्लीत खरी गोष्ट माहीत असलेला दुसरा जीव तोच होता.

त्या दुपारी बद्रीनाथ पुन्हा समोरच्या ओट्यावर चढला. या वेळी पक्कडही घेतली नव्हती.

संध्याकाळी प्रांजली दुकानातून आली. दुकानातून तिने एक कोरं कार्ड आणलं होतं. ते बसवायला तिने डबी उघडली आणि थांबली. आतलं कार्ड काढून उजेडात धरलं. मग तिची नजर वर गेली, ओट्याजवळच्या खांबावर, जिथे मेलेल्या केबलच्या जोडावर एक उडालेला लाल टिपका होता. तिथून ती नजर सरळ बद्रीनाथच्या खिडकीवर आली. पडदा हलला.

रांग लागली होती, गल्ली जमली होती, आणि नेमका त्याच वेळी, आपल्या यादीच्या वेळेआधी, फकिराही डोकावायला आला होता. टीव्हीवर चित्र उमटलं तशी बायांनी ओरड केली. बद्रीनाथला घरात बसवेना. तो बाहेर येऊन रांगेतल्या आपल्या हंड्याजवळ उभा राहिला.

"घावलं? कुठं व्हतं गं?" चतुराबाईनं विचारलं.

"डबीतच व्हतं," प्रांजली म्हणाली. "आत सरकलं व्हतं. मलाच दिसलं नाय."

"मलाच दिसलं नाय!" चतुराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आठ दिस आमी गाळ पेलो अन् हिला दिसलं नाय! डोळं काय दुकानात गहाण ठिवलते?"

प्रांजली डबीची वायर सारखी करत राहिली. बद्रीनाथकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे हिला हेही जमतं, त्याच्या मनात आलं. डबी जमते, टेप जमते, आणि दुसऱ्याचं पाप पदरात घेणंही जमतं. त्या क्षणी त्याला तिचा जितका मत्सर वाटला तितका सगळ्या उन्हाळ्यात वाटला नव्हता. एवढं मोठेपण तिच्या एकटीच्या नावावर जमा व्हावं हे त्याला सोसेना. ते हिसकावून घ्यायचा एकच रस्ता होता.

"तिचं काय चुकलं नाय," तो मोठ्यानं म्हणाला. "कार्ड मी काढलं व्हतं."

गल्लीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. मग चतुराबाईच आधी हसली, आणि तिच्यामागे सगळे.

"बसा बद्रीशेठ, बसा!"

"बोकडाचं पाप कामून अंगावर घ्यायलाव?"

"तुमच्यानं व्हीसीआर व्हईना," कुणीतरी म्हणालं, "तुम्हाला ते नखाएवढं काढता यायलंय व्हय?"

बद्रीनाथचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली, आणि तीही कुणी त्याच्या नावावर धरायला तयार नाही! त्याने प्रांजलीकडे पाहिलं. "सांग की पोरी," तो म्हणाला. "तुला तर म्हाईताय. सांग की त्यायला."

प्रांजलीनं एक क्षण विचार केला. मग चित्र थांबवलं, डबी बंद केली, कार्ड काढून चतुराबाईच्या हातावर ठेवलं.

"काकांनीच काढलं," ती म्हणाली. "हा टिपका बगा. अन् बसवलं बी त्यांनीच, एकदम बराबर. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

कार्ड हातोहात फिरलं. माणसं कार्डाकडे बघत, मग खांबाकडे. केरबानं ते सगळ्यांत जास्त वेळ धरलं. मग उठून बोकडाजवळ गेला आणि त्याच्या गळ्यातलं दावं सैल करत बसला.

हसणं कुठल्या कुठे गेलं. चतुराबाई पुढे झाली आणि सगळ्यांच्या देखत तिने बद्रीनाथचा हंडा उचलला. चौथ्या नंबरवरून काढून, साऱ्या गल्लीतून मिरवत नेऊन, रांगेच्या पार शेवटी, उकिरड्याच्या कडेला ठेवला. दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायचा नाही हा कायदा आजवर कुणी मोडला नव्हता. आज तिने मोडला, आणि वच्छलाबाईसकट कुणी तिचा हात धरला नाही.

बद्रीनाथ आपल्या हंड्यामागोमाग चालत गेला आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसला. फकिरानं पाइप सोडला आणि ओट्यावर टेकला. प्रांजलीनं कार्ड पुन्हा आत सारलं. चार जावयांची ती सासू पडद्यावर आली.

इतक्या लांबून आवाज पोचत नव्हता. पण बद्रीनाथला आवाजाची गरज नव्हती. धाकटा जावई दारात अडखळला, आणि गल्ली हसायच्या एक क्षण आधी तो हसला. मग गल्ली हसली.

थोड्या वेळानं वच्छलाबाई आपला पाट घेऊन आली आणि त्याच्या शेजारी टेकली. मग तिने विचारलं, "पोट काय म्हणतंय? दुखायचं थांबलं का आता?"

"थांबतंय कशाचं," बद्रीनाथ म्हणाला. नजर पडद्यावरच होती. "कसला साफ लावलाय बघ पोरीनं. हितून सुदिक दिसायलंय."